रघुपती सरांनी फोडलेला वजनकाटा

व्यासपीठावर विराजमान असलेले आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह माननीय वादिराज अण्णा, सत्कारमूर्ती रघुपती सर, निमंत्रित पाहुणे, सहकारी शिक्षक, पालक बंधू-भगिनी आणि माझ्या मुलांनो,

यशवंतपूरच्या या शाळेत रघुपती सरांनी खेळाचे शिक्षक म्हणून एकतीस वर्षं मुलांना मैदानावर पळवलं. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना निरोप देण्याचा मान माझा. अण्णांनी सकाळीच बजावलंय, "महानंदा अक्का, स्वल्प बोला, गोड बोला." स्वल्प बोलेन अण्णा. गोडाचं काही खरं नाही.

सरांच्या सेवापुस्तकात एक ठपका आहे: 'शाळेच्या मालमत्तेची हेतुपुरस्सर नासधूस.' खाली सही माझी. तो तसाच ठेवून त्यांच्या खांद्यावर शाल घालायला माझे हात धजत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, चारातल्या एका मुलाचं वजन जास्त आहे. काळजी खरी होती. आपण कॅन्टीनमधले चिप्स बंद केले, मधल्या सुट्टीत नाचणीची आंबील सुरू केली, खेळाचे तास वाढवले. इथवर सगळं छान होतं. मग मला हुशारी सुचली. दर शनिवारी प्रार्थनेनंतर मुलांना मंचावर काट्यावर उभं करायचं, आकडा माइकवरून वाचायचा आणि ज्या वर्गाचं वजन सर्वांत कमी वाढलं, त्याला ढाल द्यायची! शिस्तीच्या नादात आपण शिक्षक मंडळी काय काय करून बसतो, नाही? सर तेव्हाच म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही पोरांना पोरांच्या अंगावर सोडताय." मी हसण्यावारी नेलं.

सहावीची ढाल सलग तीनदा हुकली. दर वेळी बोट एकीकडेच, रंजिताकडे. चौथ्या शनिवारी मी तिचा आकडा वाचला, माइक ठेवला आणि चहाला गेले. पाण्याच्या टाकीमागे तिच्याच वर्गातल्या नऊ जणांनी तिला घेरलं. केस धरून खाली पाडलं. "तुझ्यामुळे गेली ढाल, जाडे" म्हणत पोटात लाथा घातल्या. एकीने तिचाच स्टीलचा डबा तिच्या तोंडावर हाणला. दोन दात तुटले, ओठ फाटला, बरगडी मोडली. एवढं होऊनही तिचा आवाज कुणाला आला नाही. येणार कसा? तिच्या तोंडात तिच्याच डब्यातली चपाती कोंबली होती.

टाकीमागचा घोळका दिसताच सर "साकु! साकु!", पुरे, पुरे, असं ओरडत धावले आणि एकेकाला ओढून बाजूला फेकलं. रंजिताला उचलून ऑटोत घातलं, सोबत दोन शिक्षिका दिल्या. मग रक्ताने माखलेल्या शर्टानेच मंचावर चढले. गोळाफेकीचा लोखंडी गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि काट्यावर आदळला. पुन्हा आदळला. पुन्हा. काच उडाली, स्प्रिंगा बाहेर आल्या, पहिलीची मुलं रडायला लागली. मलाही त्यांची भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

सोमवारी मी ठपका लिहिला, काट्याबद्दल. रंजिताच्या नावापुढे शाळेच्या दप्तरात 'खेळताना पडली' एवढंच आहे. तेही अक्षर माझंच. सर गप्प राहिले नाहीत, दोनदा अर्ज केला. मी दोन्ही अर्ज कपाटात ठेवले.

अण्णा, घड्याळ दाखवू नका, संपवतेच. आज सकाळी मी ठपका खोडून सही केली आणि दप्तरात खरं काय घडलं ते लिहिलं. संस्थेने माझ्यावर हवी ती कारवाई करावी.

त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले होते. रंजिताच्या ओठाला टाके होते, तरी मला बघून ती उठून बसायला लागली. म्हणाली, "मॅडम, इथे मला दोन दिवस जेवायला देणार नाहीत. येत्या शनिवारी आपल्याला ढाल मिळेल ना?"

सर, तुमचे आभार मानते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सांभाळून घ्या. मी जे केलं, ते मात्र पोटात घालू नका.