निम्म्या आकाराची फाइल

दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. तिच्या मांडीवर जुना लॅपटॉप होता.

"ताई, आमच्या कंपनीच्या लॅब-प्रोग्रामची नवी फाइल नेटवरून उतरली तरी का?"

"उतरली की. पूर्वी अर्धा दिवस लागायचा, आता निम्म्या वेळात आली. पण उघडायला गेलं की हा मेला हँग होतो. तीन दिवस लॅबचे रिपोर्ट हाताने लिहितेय."

"आकार निम्मा करायला फाइल फार घट्ट दाबलीय ना, सोडवायला मेमरी जास्त लागते."

"मग जुन्यासारखी सैल दाबायची!"

"तो प्रकार बंद केला. आम्ही टीममध्ये मतं घेतली. तीन विरुद्ध दोन."

"तुझं मत कुठे होतं?"

"तीनात. तुझं नेट रडतं म्हणूनच दिलं गं."

"आधी उघडून बघितली होतीस?"

"ऑफिसात. चुटकीसरशी उघडली."

"उघडणारच, तिथे सगळी नवी मशीनं. काल माझ्या हातून एकीचा रिपोर्ट दुसरीला गेला. बिचारी रडतच घरी गेली."

"दुकानदार मेमरी वाढवून देतो म्हणाला ना?"

"ह्या मॉडेलची आता मिळतच नाही म्हणतोय. तुमच्यात कुणी विचारलं नाही का रे, जुनी मशीनं असलेल्यांनी काय करायचं?"

"विचारलं एकाने."

"मग?"

"मीच म्हटलं, इतकं जुनं आता कोण वापरतंय."

"आणि हा मला कुणी दिला होता?"

"मीच, ताई. मला नवा घेतला तेव्हा."