वणव्यातली हाक

(सुनंदा साळवी, आल्मेरे, नेदरलँड्स. त्या बोलल्या तसं.)

मी मूळची संगमेश्वराकडची. आमच्याकडे वणव्याचं काय नवल नाही हो, फाल्गुन-चैत्रात डोंगराचं गवत वाळलं की कुठूनतरी पेटायचंच, मग सगळी बायामाणसं ओले टहाळे घेऊन धावायची, झोडपून झोडपून विझवायची, काजूची झाडं वाचली की काळी तोंडं घेऊन एकमेकींना हसत घरी यायची. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल ही बाई जन्माचीच भित्री. मी भित्री नव्हते, आणि आमचे हे तर नव्हतेच नव्हते.

हे वेल्डर. विलास नाव. आधी आखातात होते, मग ऑस्ट्रेलियात ट्रॅक्टर-बिक्टर दुरुस्त करायच्या कारखान्यात लागले आणि मला न मुग्धाला, म्हणजे आमच्या मुलीला, तिकडे घेऊन गेले. शहर नव्हे हो, पार आत, डोंगराच्या पायथ्याशी गाव, आणि जिकडे बघाल तिकडे निलगिरी. त्या झाडांची साल अशी लांब लांब सोलून लोंबत असते, वाऱ्यावर खडखड वाजते, मला आधी मजाच वाटायची त्याची. शेजारी कोलिन आणि मार्गरेट, वयस्कर जोडपं, थोड्या मेंढ्या, एक म्हातारी घोडी. कोलिनला विलास म्हणता यायचं नाही, तो आपला विल म्हणायचा. कुंपणाशी उभा राहून हाक मारायचा, विऽल, की हे हातातलं टाकून आलो आलो करत जायचे. मराठीतच. काय बोलायचे दोघं देव जाणे, ह्यांचं इंग्रजी कामापुरतं आणि तो बोलायचा तोंडातल्या तोंडात.

तिकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा, आणि तो उन्हाळा म्हणजे आगीचा मोसमच. मोसमच म्हणतात त्याला, आपण आंब्याचा म्हणतो तसा. कोलिननंच आम्हाला सगळं शिकवलंन, पन्हळीतला वाळका पाला रोज काढायचा, लाकडं भिंतीपासून लांब रचायची, लोकरीच्या घोंगड्या दाराशी ठेवायच्या कारण लोकर लगेच पेट घेत नाही, गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे. गावाच्या वेशीवर मोठी पाटी, त्यावर काटा, आज धोका किती ते दाखवणारा. मुग्धा शाळेतून आली की आधी काटा कुठे आहे ते सांगायची, मग दप्तर टाकायची. काटा लालवर गेला की कुणी बाहेर काडीसुद्धा ओढायची नाही. उत्तरेचा वारा सुटला की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं, सगळं गाव गप्प, नुसता रेडिओ चालू.

असे उन्हाळे गेले बरेच. रोज भ्यायचं आणि रोज काही व्हायचं नाही, माणूस त्यालाही सरावतो बघा.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ, आणि उजेड असा पिवळा, मग नारिंगी, मग नाहीच. भरदुपारी कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. मार्गरेट धावत आली, म्हणालीन, सुनंदा, आत्ताच्या आत्ता, मी गाडी काढते. मी ह्यांच्याकडे बघितलं. कोलिन घर राखायला थांबणार होता, त्याचा पंप होता, तळं होतं, तिकडे शेतातल्या तळ्याला डॅम म्हणतात, आणि हे म्हणाले, तो म्हातारा माणूस एकटा पंप कसा ओढेल, तुम्ही व्हा पुढे. मी भांडले नाही. भांडायला वेळच नव्हता. मुग्धा रडत होती, बाबा बाबा करत, आणि रस्त्यावर जळते कोळसे टपाटप पडत होते, मार्गरेट दिवे लावून गाडी हाकत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थना असेल.

खेळाच्या मैदानावर एक हॉल होता तिथे सगळ्यांना ठेवलं होतं. कुणाचे कुत्रे, कुणाच्या मांजरी, एका बाईकडे पिंजऱ्यात पोपट. मार्गरेट आणि मी एकाच बाकावर, तिचा हात माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून हे आले. काळे ठिक्कर, भुवया नाहीत, एक कान सोललेला. मुग्धा धावली. मी उठलेच नाही हो, मार्गरेटचा हात तसाच धरून बसले. आणि मार्गरेट, ती ह्यांच्याकडे बघतच नव्हती, ह्यांच्या मागे बघत होती. दाराकडे. दुसरा माणूस येईल म्हणून. काय सांगू तुम्हाला, ती बघायची तिची तऱ्हा, ती मला अजून दिसते.

हे तिच्यापुढे खाली बसले. म्हणाले, घोडी पलीकडच्या कुरणात होती, तो फाटक उघडायला गेला. ती म्हणालीन, उघडलं का. हे म्हणाले, उघडलं. घोडी वाचली होती खरंच, कान भाजलेले, पण वाचली. कोलिन मात्र गेला, फाटकाशीच सापडला.

त्यानंतरही बरीच वर्षं होतो तिथे. घर आमचं अर्धं उरलं होतं. आणि ह्यांचं ते सुरू झालं. वारा आला, साल वाजली, की हे उठायचे. आलो, म्हणायचे, आणि मागच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. मी म्हणायची, कोण आहे हो? हे म्हणायचे, कुणी नाही. परत येऊन बसायचे. मी विचारलं नाही. आपल्यात नाही हो विचारत असं.

मुग्धा शिकायला इकडे आली, मग इथेच झुइडासला, तो मोठमोठ्या कचेऱ्यांचा भाग, तिथे नोकरी लागली, म्हणालीन, आई, बाबांना घेऊन ये, इथे आग नाही, इथे नुसतं पाणी. आल्मेरेला घर बघितलंन तिनं. घर बघायला हे आले तेव्हा खोल्या बघितल्या नाहीत, स्वयंपाकघर बघितलं नाही, एवढंच विचारलं की पाणी किती लांब. मुग्धा हसली, म्हणालीन, बाबा, ही सगळी जमीनच समुद्राचा तळ होती, आपण समुद्राच्या तळावर उभे आहोत. ह्यांना ते फार आवडलं. फोनवर गावाकडे सगळ्यांना सांगायचे, आम्ही समुद्राच्या तळावर राहतो.

पण ते भय येतं हो मागोमाग. पन्हळीतला पाला हे इथेही रोज काढतात, इथे तर पाला कुजून ओला असतो, तरी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला धोक्याच्या भोंग्याची चाचणी असते, साऱ्या देशाला माहीत, तरी ह्यांचा चेहरा उतरतो. आणि ते आलो, ते होतंच.

मग एका वर्षी पाऊसच पडेना. गवत पिवळं पडलं, कालव्याकाठच्या झाडांनी पानं टाकली, आणि एके दुपारी पाण्यापलीकडचा माळ पेटला. लांब होता, इथे काही भय नव्हतं, फोनवर नुसता इशारा आला की धुराचा वास येईल, खिडक्या लावून घ्या. मी खिडक्या लावल्या. वळून बघते तर हे घरात नाहीत. न्हाणीत चादर भिजवून, तशीच ओली खांद्यावर टाकून हे दारोदार जाऊन दारं बडवतायत, बाहेर या, बाहेर या, गाड्या काढा. लोक दारात येऊन बघतायत. एक बाई हसली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

शेजारी पीट म्हणून आहेत, ऐंशीच्या घरातले, एकटे राहतात. ते आले, हसले नाहीत काही नाही. ह्यांचा दंड धरलान आणि आपल्या अंगणात खुर्चीवर बसवलंन, मलाही बसायला सांगितलंन. आणि त्या माणसानं एवढंच विचारलंन, काय झालं होतं?

इतक्या वर्षांत मी जे विचारलं नाही, ते त्यांनी विचारलं, आणि हे बोलले. मोडक्या इंग्रजीत. म्हणाले, आम्ही दोघं तळ्यात उतरलो होतो, गळ्यापर्यंत, डोक्यावर ओली घोंगडी. शेजारी कांगारू उभे होते पाण्यात, माणसाला न भिता. कोलिन म्हणाला, दोन मिनिटांत येतो, आणि गेला. मग धूर आला. मग त्याची हाक आली. विल. मी आलो म्हणालो आणि बाहेर पडलो, पण पुढे हवा नव्हती, नुसती आग, कान भाजला, मी मागे पाण्यात पडलो. परत हाक आली. परत आलो म्हणालो. गेलो नाही. जाता आलं नाही. मग हाक आली नाही.

मी तिथे बसले होते हो, हा माझा नवरा, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

पीटनी आपली खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली. मग सांगू लागले. ते झेलंडकडचे, दक्षिणेला, लहान असताना तिथे बांध फुटून समुद्र आत आला होता. पीट आईबरोबर छपरावर. पलीकडच्या छपरावरून शेजारीण हाका मारत होती, त्यांच्या आईला, नावानं. आई ओ देत राहिली, मी आहे, मी आहे म्हणून. सकाळी ते छप्पर नव्हतं. पीट म्हणाले, आई मरेपर्यंत म्हणायची, मी काहीच केलं नाही. पण मी होतो ना तिथे, मी ऐकलंय, ती बाई शेवटपर्यंत कुणाशीतरी बोलत होती.

 ह्यांच्या खांद्यावर चादर वाळत आली होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी म्हणाले, मार्गरेटला फोन लाव. मी म्हटलं, कशाला आता, म्हातारी आहे, सुखानं राहू दे तिला. हे म्हणाले, तिची वस्तू माझ्याकडे राहिल्यासारखी वाटते. लावला. सगळं सांगितलं तिला.   मग तिनं विचारलंन, तू ओ दिलीस का? हे म्हणाले, दिली. काय म्हणालास? आलो म्हणालो. ती म्हणालीन, हो, तो घरी येऊन तशी नक्कल करायचा तुझी. परत म्हण. हे म्हणाले, आलो. आणि तिनं फोन ठेवलान.

त्यावर पुष्कळ महिने तिचा फोन नाही. मी म्हटलं, बघा, उगाच दुखवलंत. मग एकदा आला, मेंढ्यांचं, हवेचं बोलली, जाताजाता म्हणालीन, इकडे पाऊस झाला हो, काटा हिरव्यावर आहे. बस. त्या दिवसाचं नाव नाही काढलंन.

हे बरे झाले असं मी म्हणणार नाही, तुम्ही लिहून घेताय म्हणून खोटं कशाला सांगू. अजून वारा सुटला की उठतात. पूर्वी मी म्हणायची, कुणी नाही हो, बसा. आता नाही म्हणत. ऐकू आलं तर आलं. मी चहा झाकून ठेवते आणि जाऊन शेजारी उभी राहते, थोड्या वेळानं हे आपणच वळतात, थंडी आहे ग म्हणतात, चल आत. चालायचंच. तुम्हाला मात्र एवढंच म्हणते, सुखी राहा, आणि तुमच्या माणसांनी हाक मारली तर तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचो. चहा घेणार ना अजून?