तारेचं माप

बिजागऱ्या घ्यायला आलेला सुतार हार्डवेअरच्या दुकानात ताटकळत उभा होता. त्याच्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं दुकानदाराशी काही केल्या आटपत नव्हतं.

"काका, कपाटाच्या हँडलचं माप भोक ते भोक घेतात. ही तार कसली आणलीत?"

"बायकोच्या मनगटाची. दुपारी ती झोपली होती, तेव्हा हळूच वळवून घेतली. एवढा हात आत गेला पाहिजे."

"मागच्या खेपेला तर चार बोटं जातील असं नेलं होतंत."

"बोटं आता वळतच नाहीत. मनगट अडकवून ओढते."

"मग हे मोठं घ्या. पण जुनी भोकं जुळायची नाहीत. नवी पाडावी लागतील."

"पाडू. दाराची आधीच चाळण झालीय."

"मागे बारा नेली होती. आता किती देऊ?"

"एकच. कपबशांच्या कपाटाला. बाकीची मी उघडतो."

सुताराला राहवलं नाही. "काका, दारच काढून टाका ना. पाच मिनिटांचं काम आहे, मी येतो."

"तीही तेच म्हणते," तार पुन्हा खिशात ठेवत ते म्हणाले. "मीच म्हटलं, एवढं एक हँडल लावून बघू."