मथुराबाई राहते कुठं?

सरका, मंडळी, पुढं सरका! खांबाला टेकून बसलेत त्यांनी आधी सरका! मला ठाऊक आहे, खांब मिळाला की माणूस कीर्तनाला नाही, झोपायला आलेला असतो! पेटीवाले, सूर बारीक धरा. तबला जरा निजू द्या. आज मला एक प्रश्न विचारायचाय. साधाच आहे.

घर कुणाचं असतं?

हसताय काय? उत्तर द्या! हां, आबा म्हणतात, ज्याच्या नावावर आहे त्याचं. बरोबर! सकाळीच तलाठ्याकडं जाऊन आलेला माणूस दुसरं काय बोलणार! मागून एक काकू म्हणतात, जो राबतो त्याचं. काकू, हळू! काका शेजारीच बसलेत!

दोन उत्तरं झाली. आता गोष्ट ऐका. गोष्ट जर्मनीची आहे. हो, जर्मनीची! कीर्तनकारानं काय दरवेळी अयोध्येलाच न्यायचं? आज विमानानं नेतो. पट्टे बांधा!

रणजित घोलप म्हणून आपल्या बार्शीकडचा पोरगा. इंजिनियर. कंपनीनं स्टुटगार्टला नेला. संगं बायको सुवर्णा, चार वर्षांची लेक शर्वी, आणि सुवर्णाची आई, मथुराबाई खिलारे. मथुराबाईंना ही एकच लेक. मालक वारलेले. गावातल्या घरात त्या आणि भिंती. रणजितच म्हणाला, "मामी, कुलूप लावा. चला आमच्याकडं, कायमच्या." असा जावई! नाहीतर आपल्याकडं सासू चार दिवस आली तर पाचव्या दिवशी जावयाला परगावची कामं निघतात!

आल्या. संसार लागला. कचऱ्याला चार डबे, कुठल्यात काय टाकायचं याची शिकवणी झाली. रविवारी मिक्सर लावायचा नाही, शेजारी तक्रार करतात, म्हणून चटणी शनिवारीच. शर्वीला बालवाडीत सोडायचं-आणायचं काम आजीचं. सगळं बसलं हळूहळू.

आता तिथली एक रीत ध्यानात ठेवा. तिथं फ्लॅटला नंबर नसतो! खाली दाराशी बेलांची रांग, आणि प्रत्येक बेलसमोर नाव. पोस्टमन येवो, पाव्हणा येवो, नाव वाचायचं, बेल दाबायची. नाव नाही म्हणजे तिथं माणूस नाही!

पहिल्याच दिवशी रणजित नावाची पट्टी करायला बसला. म्हणाला, "मामी, तुमचं आडनाव वेगळं. घोलपच्या खाली खिलारे लिहितो."

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! जावयाच्या दारावर माझं नाव? नको, नको! लोक काय म्हणतील, जावईबापू?"

लोक! मंडळी, कुठले लोक? खाली एक तुर्की न्हावी, वर दोन जर्मन विद्यार्थी! ते काय म्हणणार होते? पण मथुराबाईंचे लोक गावाकडनं बरोबर आले होते ना! विमानतळावर बॅगेचं वजन झालं, त्या लोकांचं कुणी केलंच नाही!

तेव्हा पट्टी लागली, नुसती 'घोलप'. आणि मथुराबाई त्या घरात कशा राहिल्या? सोफ्याच्या कडेला बसून. लेकीनं अख्खं कपाट रिकामं करून दिलं, तरी लुगडी बॅगेतच. चहा हवा असला तर, "तुम्ही करणारच असाल तर घोटभर टाका." आईचं लेकीच्या घरी असंच असतं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांना तसंच शिकवलेलं! तुम्ही-आम्हीच शिकवलेलं.

आता बालवाडीसमोर एक बाक होता. तिथं एक म्हातारी नातवाला न्यायला यायची. नाव इंगेबोर्ग. म्हणून बघा बरं! जमत नाही ना? मथुराबाईंनी तिची इंगाबाई केली, काम झालं! ह्यांना जर्मन येत नाही, तिला मराठी येत नाही. पण डब्यातला शेंगदाण्याचा लाडू अर्धा करून द्यायला कुठली भाषा लागते? छातीवर हात ठेवून ह्या म्हणाल्या, "मथुरा." ती म्हणाली, "इंगेबोर्ग." झाली मैत्री! रोज पाच-दहा मिनिटं. ती तिच्या भाषेत गुडघ्याचं दुखणं सांगायची, ह्या ह्यांच्या भाषेत. दोघींना सगळं कळायचं! गुडघे सगळीकडं सारखेच!

एक दिवस मथुराबाईंनी धाडस केलं. समोरची इमारत दाखवली. स्वतःवर बोट. "घर! माझं!" चर्चकडं बोट म्हणजे रविवार. चार बोटं म्हणजे चार वाजता. हातानं घास केला. "ये!" आणि इंगाबाई हसून मान हलवत म्हणाली, "या, या!" तिथं 'या' म्हणजे 'हो'.

रविवारी मथुराबाईंनी पुरण घातलं. मिक्सर बंद, म्हणून वाटलं हातानं! नवी चादर घातली सोफ्यावर. सुवर्णा म्हणाली, "आई, इतकं तर तू माझ्या बघायच्या कार्यक्रमाला केलं नव्हतंस!"

चार वाजले. बेल नाही. घराच्या खिडक्या मागच्या अंगणाकडं, रस्ता दिसत नाही. पाच वाजले. पोळ्या झाकल्या. सहाला म्हणाल्या, "विसरली असेल. म्हातारी आहे." आणि ताट उचललं.

सोमवारी सुवर्णा सुट्टीवर, म्हणून आईबरोबर गेली. बाकावर इंगाबाई होती. ह्या जवळ गेल्या, तर ती उठली! मथुराबाईंनी पोळीचा डबा पुढं केला. तिनं हात मागं घेतला आणि सुवर्णाला काहीतरी फडाफडा बोलली.

"काय म्हणते गं?"

सुवर्णा शर्वीच्या दप्तराचा पट्टा लावत बसली.

"सांग की!"

"आई, ती म्हणते, मी काल केक घेऊन अर्धा तास दाराशी उभी होते. वरपासनं खालपर्यंत सगळी नावं वाचली. दोनदा. मथुरा नाव कुठंच नाही. ती म्हणते, तुमची आई तिथं राहत नाही. बोलवायचं नव्हतं तर खोटं का सांगितलं?"

मंडळी, त्या बाईनं शिवी नाही दिली. हात नाही उगारला. पण मथुराबाई डबा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तिचं खरं आहे सुवर्णे. मी कुठं राहते तिथं?"

घरी आल्या आणि सरळ म्हणाल्या, "मला गावाकडं पाठवा."

रणजित कामावरनं आला. त्यानं बूटही काढले नाहीत. "मामी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना?"

"विचारलंत. तुमचा दोष नाही, जावईबापू. मीच नको म्हटलं. आता एका परक्या बाईपुढं खोटी पडले. माझ्या घरी ये म्हटलं मी तिला. माझं घर तिकडं आहे. तिकडं जाते."

"तिकडं कोण आहे?" सुवर्णा म्हणाली.

"दार तर आहे."

"त्या दारावर कुणाचं नाव आहे, आई?"

"तुझ्या बाबांचं."

"आणि लग्नाआधी, चिंचोलीच्या घरी?"

"माझ्या बाबांचं. असं काय विचारतेस?"

"मग तुझं नाव कुठं होतं?"

मथुराबाई विचार करायला लागल्या. खरंच करायला लागल्या! घर त्यांनी सारवलं होतं, पत्रे त्यांनी उचलून दिले होते, बाळंतपण तिथं झालं, मालक तिथं गेले. शेवटी म्हणाल्या, "गॅसच्या कार्डावर आहे माझं नाव."

हसलात! मीही हसलो होतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. मग घरी जाऊन आमच्या दारावरची पाटी वाचली.

रणजित आत गेला. कागदाची पट्टी आणि पेन घेऊन आला. खाली बसला, सासूच्या पायाशी. "मामी, मी आता विचारत नाही, मी मागतोय. तुम्ही गेलात तर हे घर आम्हाला खायला उठेल. पण पाव्हणीसारखं राहायचं असेल तर नका राहू. राहायचं तर नावानं राहा. आणि मी लिहिणार नाही. तुमच्या हातानं लिहा."

"मला कुठं येतंय तुमचं इंग्रजी?"

"मी दाखवतो."

मंडळी, डोळ्यासमोर आणा. घरचा जावई एकेक अक्षर काढून दाखवतोय आणि सासू जिभेचं टोक बाहेर काढून गिरवतेय. तीन पट्ट्या फुकट गेल्या. चौथ्या पट्टीवर अक्षरं उतरली. वाकडी, एक मोठं, एक बारीक. 'मथुरा खिलारे.' चौघं जिन्यानं खाली गेली. रणजितनं काच काढून पट्टी बसवली. मथुराबाई म्हणाल्या, "घोलपच्या जरा खाली सरकवा."

"नाही," रणजित म्हणाला. "शेजारी."

दुसऱ्या दिवशी सुवर्णानं इंगाबाईला गाठून सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

पुढचा रविवार. चार वाजले आणि बेल वाजली! भिंतीवरच्या यंत्रातनं आवाज आला, जुना, घोगरा, जरा चाचरत.

"मथुरा?"

मथुराबाई जागच्या हलेनात. सुवर्णाला वाटलं, घाबरली की काय! नाही हो. घाबरली नव्हती. ती त्या घरात आई होती, आजी होती, मामी होती. गावात खिलारेबाई होती. मालक आयुष्यभर 'अगं ऐकलंस का' म्हणत गेले. दारात उभं राहून, नाव घेऊन, तिच्यासाठी कुणी आलंय, असं त्या बाईच्या सगळ्या जन्मात घडलं नव्हतं.

मग ती उठली. यंत्रापाशी तोंड नेऊन ओरडली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. "हो! मथुराच! ये वर!"

झालं आख्यान.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही काय जर्मनीला जाणार नाही. नका जाऊ! पण तुमच्या घरात मागच्या खोलीत, औषधांच्या पिशवीशेजारी जिचं अंथरूण आहे, ती आपल्या घरी राहतेय की तुमच्या? सोफ्याच्या मधे बसते की कडेला? चहा मागते, की तुम्ही करायची वाट बघते? पाट्या ग्रॅनाइटच्या लावल्यात तुम्ही, सोनेरी अक्षरांच्या! कुत्र्याचं नाव लिहिलेलं मी पाहिलंय गेटवर! वर 'सावध राहा' म्हणून!

देवाचं नाव घ्यायला जमलोय ना आपण? घेऊ. त्याला घाई नाही. आधी ह्या चौथ्या रांगेतल्या माउली, हो, तुम्हीच, हिरव्या पातळातल्या. नाव काय तुमचं?

"पिंट्याची आजी."

ते नाही विचारलं.

"गायकवाडांच्यातली."

तेही नाही, माउली. तुमचं.

थांबा, मंडळी, कुणी सांगू नका. त्यांना आठवू द्या.

"...कौसल्या."

मोठ्यानं!

"कौसल्या!"

बास. आता उचला टाळ!