गोपनीय गाऱ्हाणं

गोकुळदास : 'राखणदार देवासमोर उभा राहशील तेव्हा पोटात काही ठेवू नको, गोकुळ. सगळं बोलून मोकळा हो.' आमचा बापूस सांगायचा. आणि तू फोनवर काय सांगितलंस? 'काका, कुणाजवळ एक अक्षर काढू नका.' आता एकट्या माणसाने दोघांचं कसं ऐकायचं, सांग बघू.

क्षमा : काका, मी डिचोलीहून कोर्टाची कामं टाकून धारगळला आलेय. सरळ सांगा. तुम्ही बोललात?

गोकुळदास : मी? तोंड उघडलं असेल तर शपथ. बोलला तो शिवदास.

क्षमा : हा शिवदास आणि कोण?

सत्यवती : आपल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतो तो गो. त्याचा आवाज हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनासुद्धा ऐकू जातो. पान वाढलंय, आधी जेवून घे.

क्षमा : थांब काकी. त्या शिवदासला काय माहीत होतं?

गोकुळदास : काहीच नाही. म्हणून तर मी त्याच्या हातात अहवाल दिला.

क्षमा : कुठला अहवाल? तुमच्या कारखान्यातला गोपाळ काजूच्या माळ्यावरून कसा पडला, त्याचा? तुमच्या कारकुनाने, प्रवीणने केलेला? ज्याच्या पानापानावर 'वकिलाच्या सल्ल्यासाठी, गोपनीय' असं मी लिहायला लावलं, तो?

गोकुळदास : तोच. शिवदासने तेसुद्धा वाचलं.

क्षमा : तेसुद्धा म्हणजे?

गोकुळदास : प्रत्येक पानाला. 'बा देवा म्हाराजा, ह्यां गोपनीय आसा, म्हाराजा!' आणि मागून सगळे कामगार, 'होय म्हाराजा!'

क्षमा : सगळे?

सत्यवती : सोलणाऱ्या बायका, भट्टीवाले, पिशव्या भरणारे, सगळे. नारळ फुटायचा होता, प्रसाद सोडून कोण घरी जातो? गोपाळची बायको आनंदी पण होती.

क्षमा : देवा रे. काय काय वाचलं?

गोकुळदास : सगळंच. 'शिडयेची वरची पायरी मोडकी होती, म्हाराजा!' होय म्हाराजा. 'गोपाळान मालकाक आधीच सांगलेलां, म्हाराजा!' होय म्हाराजा. 'मालकान नवी शिडी आणूची सोडून ती पायरी सुंभान बांदली, म्हाराजा!' तेव्हा तर मीच सगळ्यांत मोठ्याने, 'होय म्हाराजा'.

क्षमा : काका! आत्ताच म्हणालात की तोंड उघडलं नाही!

गोकुळदास : ते बोलणं नव्हे गो. लहानपणापासून जिभेवर बसलंय. शिवदास थांबला की आपोआप येतं.

क्षमा : न्यायाधीशांना असंच सांगू का? आमच्या अशिलाची कबुली आपोआप येते?

सत्यवती : चिडू नको, घास अडकेल. मला एक समजावून सांग. त्यात झाकायचं काय होतं?

क्षमा : हे बघ काकी. अपघात पुन्हा होऊ नये म्हणून मालकाने चौकशी केली, तर तो अहवाल कामगार कोर्टातून मागवू शकतो. पण खटला होणार असं दिसतंय, वकिलाचा सल्ला हवाय, म्हणून मुद्दाम वकिलासाठी अहवाल करून घेतला, तर तो झाकून ठेवायला जागा असते. मुख्य हेतू काय होता, ते बघतात. बोला काका, हा अहवाल मुख्यतः कुणासाठी केलेला?

गोकुळदास : तुझ्यासाठीच.

क्षमा : हं. निदान एक तरी नीट उत्तर.

गोकुळदास : म्हणजे आधी राखणदारासाठी, मग उरला तो तुझ्यासाठी.

क्षमा : ...बरं. राखणदार तर त्रयस्थच झाला ना? त्रयस्थाला ऐकवलं की गोपनीय संपलं.

सत्यवती : त्रयस्थ कसा? कारखाना उभा आहे ती हद्द त्याची. त्रयस्थ असलो तर आपण.

क्षमा : काकी, या मुगागाठीच्या रश्शात मीठ नाही.

सत्यवती : हं.

गोकुळदास : परवापासून नाही. भातात नाही, आमटीत नाही, पेजेत पण नाही. मला वाटलं, डॉक्टरने माझ्या प्रेशरसाठी सांगितलं असेल. खातोय मगे गप्प.

क्षमा : असू दे. काका, तुम्ही मला फोनवर सांगितलेलं की गोपाळ झिजलेल्या चपलेमुळे घसरला.

गोकुळदास : चप्पल झिजलेलीच होती त्याची.

क्षमा : मग ते राखणदाराला का नाही सांगितलं?

गोकुळदास : त्याच्यासमोर कसं सांगू गो? तिथे मी स्वतः चप्पल काढून उभा होतो. जीभच उचलेना.

क्षमा : आणि ती शिडी? बदललीत तरी?

गोकुळदास : तूच म्हणालीस, कशाला हात लावू नका. लावला नाही. म्हणून तर प्रवीण पडला.

क्षमा : प्रवीण पडला?

गोकुळदास : चौकशी करायला वर चढला. शिडीनेच त्याची चौकशी केली. उजवा हात गळ्यात बांधून बसलाय. शेवटचं पान डाव्या हाताने लिहिलंय, शिवदासला ते लागता लागेना. 'हय काय लिवलांहा, म्हाराजा?' तर त्यालाही सगळे 'होय म्हाराजा'.

क्षमा : हसू नको काकी. मला पण हसायला येतं.

सत्यवती : आनंदी हसली नाही. सगळ्या माणसांत ती एकटी एकदासुद्धा 'होय' म्हणाली नाही. हात जोडून ह्यांच्या तोंडाकडे बघत होती. प्रसाद न घेताच गेली.

गोकुळदास : ...मला दिसली नाही ती.

सत्यवती : तुम्ही खाली बघत होता.

क्षमा : शेवट काय केला शिवदासने? ते पान लागलं नाही म्हणता ना?

गोकुळदास : शेवटचं त्याने न बघताच म्हटलं. 'मालक सोता गोपाळाच्या दारात जातलो, आपली चूक आपल्या तोंडान सांगतलो, आणि त्याचो पाय बरो होयसर त्याचा घर बघतलो, म्हाराजा!'

क्षमा : असं प्रवीणने लिहिलं? अहवालात नवस?

सत्यवती : ते अहवालातलं नव्हे.

गोकुळदास : नव्हे? मग कुणी घातलं?

सत्यवती : गाऱ्हाण्याआधी शिवदास हातपाय धुवायला विहिरीवर आला होता. मी म्हटलं, एवढं माझं एक शेवटी घाल.

गोकुळदास : सत्यवती!

सत्यवती : तुम्ही 'होय म्हाराजा' म्हणालात. मी ऐकलं. दोन दिवस झाले.

क्षमा : आणि मीठ... काकी, हे मीठ!

सत्यवती : माझं व्रत आहे. गाऱ्हाण्यातलं पुरं होईपर्यंत अळणी. तू पाहुणी, तुला वेगळं करायला हवं होतं. चुकलं माझं.

क्षमा : काकांना का नाही सांगितलंस?

सत्यवती : सांगितल्यावर गेले असते तर ते मिठासाठी गेले असते.

क्षमा : काका, पुतणी आहे हे विसरून ऐका. वकील म्हणून सांगते, गोपाळच्या घरी जाऊ नका. गेलात तर तोंडातून काय निघेल त्यावर माझा भरवसा नाही. मग कोर्टात झाकायला माझ्याजवळ काही उरणार नाही.

गोकुळदास : आत्ता काय उरलंय?

क्षमा : ...तुम्ही नवरा-बायको एकमेकांत बोललात तेवढं. ते कायद्याने झाकलेलं असतं.

सत्यवती : बरं झालं सांगितलंस. मग आता थोडं आमच्यात बोलते. तू जरा जनेलातून बाहेर बघ हं बाय.

(सत्यवती गोकुळदासच्या कानाशी काहीतरी बोलते. तो उठून खुंटीवरचा शर्ट घालतो.)

क्षमा : काय सांगितलंस गो त्यांना?

सत्यवती : झाकलेलं आहे ना ते?

गोकुळदास : हळर्णला गोपाळच्या घरी जाऊन येतो. बापूस जिवंत असता तर एव्हाना त्यानेच ढकललं असतं. क्षमा, पुतणी म्हणून काय सांगतेस?

क्षमा : पुतणी म्हणून... वाटेत सुताराला नवी शिडी सांगून जा. आणि चपलेचं नाव काढू नका.

गोकुळदास : नाही काढत.

सत्यवती : ही पिशवी घ्या. आनंदीच्या वाट्याची, प्रसादाच्या नारळाची कवड आहे, फ्रीजमध्ये ठेवलेली. घेतली तर बरं. नाही घेतली तर रागावू नका, थोडा वेळ दारातच बसा.

गोकुळदास : होय.

क्षमा : 'म्हाराजा' म्हणाले नाहीत ते.

सत्यवती : हं. ह्या वेळी ऐकून म्हणाले. क्षमा, तुझा हात पोचतो, फळीवरचा मिठाचा डबा तेवढा खाली काढून ठेव गो. उघडू नको. ते आल्यावर उघडू.