अख्तरीची लेक

हॅलो? … हॅलो, चांदा? … हो, आलापल्लीहूनच. मुलींची शाळा ना? मला कमळाबाईंना बोलवून द्या… मराठी शिकवतात त्या. वर्गात असल्या तरी बोलवा, ट्रंक कॉल आहे… हो, धरते.

… कमळे? मी भागू. भागीरथा गं… नाही, नाही, कोंडी बरी आहे. ताप नाही, खोकला नाही. इथं माझ्या मांडीवरच आहे, टाचण्यांचा डबा ओढतेय… फॉरेस्ट ऑफिसातून. हे कुपावर गेलेत, तोडायची झाडं मोजायला. संध्याकाळशिवाय यायचे नाहीत, म्हणून तर आत्ता करतेय.

अगं ऐक ना. दिवाळीत तू आली होतीस, माझा तो लेख वाचलास, तेव्हा काय म्हणालीस आठवतं? … हो, तेच. पोर माझीच आहे असं लिही, नाव-गाव घाल, नाहीतर पाठवू नकोस. तू जे जे मोकळं सोडशील ते ते लोक आपल्या मनानं भरतील. आणि मी हसले होते. म्हटलं, एवढंसं साप्ताहिक, कोण वाचतंय… नव्हतं घातलं मी. "एका गावातली एक माता" असंच ठेवलं. रेंजरच्या बायकोनं असलं काही केलं म्हणून लोक हसतील, ह्यांना वरून विचारणा होईल…

छापला. पण माझा नाही गं छापला. म्हणजे शब्द माझेच, पण… थांब, अंक समोरच आहे, वाचते. वर मोठ्या अक्षरात, "राज्य बदलले, चांद्याचे अरण्य बदलले नाही." त्याखाली, "मूठभर कोंड्यासाठी पोटच्या गोळ्याची विक्री." आणि शेवटी चौकटीत, "मातांनो, सावध." … हो, चौकटीत. माझ्या लेखात सावध शब्दच नव्हता. मी लिहिलं होतं की मूल त्याच घटकेला आईच्या मांडीवर परत येतं. तेवढं वाक्य नाही. पाय फुटून कुठं गेलं कोण जाणे. त्याच्या जागी काय आहे, "परधर्मीय बाया आठवडी बाजारांतून हिंडत असल्याचे समजते." समजते, कळते, बोलले जाते. सगळा लेखभर हेच. कोणाला समजतं? सांगणारी तर मी एकटीच होते.

… अख्तरी. अगं तीच ती, लेखातली बाई. तू नाही पाहिलीस तिला, तू आलीस तेव्हा ती जत्रेच्या फेरीवर होती. बांगड्या विकते. अहेरीचा बाजार झाला की टोपली घेऊन आमच्या वस्तीवर यायची… यायची गं. आता नाही. सांगते ना, सांगतेच आहे.

तुला ठाऊक आहे, माझा पहिला आठ महिन्यांचा होऊन गेला. कोंडी झाली तेव्हा मी रात्रंदिवस तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची. तेव्हा शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या, "सायबीनबाई, हे पोरगी आपली म्हनू नोका. जिचे सारे लेकरं जिते हायेत तिले इकून टाका. मंग तिच्याकडं कोनाची नजर जात नाई." मी बी.ए. झालेली, पण मी हो म्हटलं. अख्तरीची चारही मुलं धडधाकट. सुपात पोर घालून उंबऱ्याबाहेर ठेवली, तिनं पाच मुठी कोंडा माझ्या ओटीत टाकला, पोर उचलली आणि परत मलाच दिली. म्हणाली, "मेरी बेटी है बाई, तू बस संभाल." म्हणून तर नाव कोंडी.

आणि ती ते विसरली नाही, कमळे. दर बाजारी यायची. पोरीचा हात दाबून बघायची, बांगडी घट्ट झाली असली तर काढून मोठी घालायची. मला रागवायची, मेरी बेटी को दुबली करके रखी म्हणून. मला तेव्हा किती धीर यायचा सांगू? वाटायचं, हिच्यावर दोघींचा पहारा आहे.

… ऑपरेटर? हो हो, आणखी तीन मिनिटं द्या. बोलायचंय अजून… कमळे, आहेस ना?

तर तो अंक अहेरीत आला. अख्ख्या गावात एकच येतो, न्हाव्याच्या दुकानात. एक वाचतो आणि पंचवीस जण ऐकतात. वाचणाऱ्यानं "मातांनो, सावध" म्हणताना वस्तरा थांबवायला लावला म्हणे. पुढच्या बाजारापर्यंत चार गावांतली सहा पोरं गेली होती. म्हणजे बोलण्यात गेली होती. सुकलूची पोरगी नेली म्हणून बाजारात कालवा, आणि ती पोरगी गुळाच्या दुकानापुढं उभी राहून आपलीच बातमी ऐकत होती… हस, हस. मीही हसलेच होते घरी आल्यावर. ह्यांना सांगितलं. हे नाही हसले. म्हणाले, आता तू चूप बैस.

चूप बसले. सारखी दाराला कडी घालायला लागले मात्र. कमळे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तो अंक मी रोज वाचायची. माझंच लिखाण, कुठं काय घुसडलंय तेही मला माहीत, आणि तरी वाचता वाचता माझ्याच अंगावर काटा यायचा. "बाजारातून हिंडतात" आलं की मी उठून पोरीला बघून यायची. असं कसं होतं गं? मला तर खरं ठाऊक होतं. सगळ्या जिल्ह्यात मला एकटीला ठाऊक होतं.

… सांगते. गेल्या शुक्रवारी अहेरीच्या बाजाराला गेले. पोर कडेवर. अख्तरी चिंचेखाली टोपली मांडून बसली होती. गिऱ्हाईक नाही एकही. लोक लांबून जात होते, ती बिचारी बांगड्या पुसत बसली होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला… उठली, दोन्ही हात पुढे केले. "ला, मेरी बेटी को दे." नेहमीसारखीच. मोठ्यानं.

आणि मी पोर छातीशी धरली. मागे सरले.

… नाही, मुद्दाम नाही. पण आपोआप झालं म्हणून काय ते कमी होतं? हात माझेच ना.

मी भ्याले ते एका बाईनं पाहिलं. ती म्हणाली, "पाय, सायबीन भेली." एवढंच. फार मोठ्यानं पण नाही. मग माणसं जवळ आली. "हेच व्हय का ते?" "मेरी बेटी म्हने, तुनं आयकलं न?" टोपली उलटी झाली. बांगड्या पायाखाली… तो आवाज कमळे… पहिल्यांदा तिनं बांगड्याच गोळा करायला घेतल्या. तिला कळलंच नाही की तिलाच मारायला आलेत. मग कोणीतरी केस धरले. ती ओरडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, बोल ना."

… दोनदा म्हणाली.

नाही बोलले. पोर रडायला लागली आणि मी तिला थोपटत बसले. तिथं, उभ्या उभ्या, थोपटत.

… हो. हो गं. … नको, मला समजावू नकोस. पोलीस आले म्हणून सुटली, नाहीतर तिथंच… काठ्या होत्या.

मी गेले होते ना चौकीवर. दुसऱ्याच दिवशी, ह्यांना न सांगता. सगळं सांगितलं. पोर माझी, विकली मी, पाच मुठी कोंड्याला, आणि ती एक घटकाही माझ्या नजरेआड गेली नाही. फौजदार शांतपणे ऐकून हसले. म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही असलं करणार नाही. दया येते म्हणून बोलता आहात. आणि पेपरात सगळं आलंय." मी म्हटलं, पेपरात आलंय ते मीच लिहिलंय. तर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. लिहून काही घेतलं नाही.

आणि काल नवा अंक आला. ऐक. ऐकच तू. "एका सुशिक्षित मातेने प्रसंगावधान राखून आपले बालक छातीशी धरले, आणि टोळीचा डाव उधळला गेला." … मी. मीच गं ती. नाव नाही. पुन्हा नाव नाही. रुखमाबाईंनी विचारलं काय लिहिलं आहे म्हणून, मला त्यांना वाचून दाखवता आलं नाही.

पत्र पाठवलंय तुझ्याकडं, टपालानं, परवा पोचेल. दोन प्रती आहेत. माझं पूर्ण नाव, ह्यांचं नाव, हुद्दा, गाव, सगळं. एक कोर्टातल्या वकिलांना दे, ते तुझे घरमालक आहेत ना, त्यांना. दुसरी नागपूरला त्या संपादकांना रजिस्टर कर. छापतील का? … मलाही नाही वाटत… ह्यांना? नाही, अजून नाही सांगितलं. संध्याकाळी सांगणार. जे व्हायचं ते होईल.

पण ते पत्र पोचल्यावरचं झालं. फोन मी त्यासाठी नाही केला.

… ऑपरेटर, एक मिनिट, हात जोडते, एकच… कमळे, ऐक नीट. अख्तरीला तुमच्या चांद्याला आणलंय. सरकारी दवाखान्यात. पोलिसांनीच लाकडाच्या ट्रकमधून नेली. ड्रायव्हर सांगत होता, आष्टीच्या घाटापर्यंत पाणी मागत होती, नावेतून पलीकडं उतरवल्यावर मात्र काही बोलली नाही. त्याला चार दिवस झाले. इथं कोणाला काही माहीत नाही, आणि मी विचारलं तर सगळे म्हणतात, तुम्ही कशाला त्रास करून घेता.

आज जा. शाळा सुटल्यावर नको, आत्ताच जा, मोठ्या बाईंना सांग आणि नीघ. बायकांचा वॉर्ड. दाराशी शिपाई असेल, त्याला सांग मी शाळेतली बाई आहे, तुला सोडेल. ती टोळीची बाई कुठं आहे असं नको विचारूस. नावानं विचार. अख्तरी, बांगडीवाली. उंच आहे, कपाळावर गोंदलेलं नाही, डाव्या हाताचं एक बोट वाकडं आहे. तिच्याशी बोलायला काही सुचलं नाही तर नुसती बस. पाणी दे. माझं नाव… माझं नाव तिला ऐकायचं असेल तरच सांग.

आणि ती तिथं नसेल तर… नसेल तर कुठं नेली ते विचार. कोणी नेली. तिची मुलं आली होती का… हॅलो? … कमळे, जाशील ना? ऐकू येतंय का? तू हो म्हणालीस का? लाईन… हॅलो? … कमळे, बघून ये गं तिला. हॅलो?