सारसाच्या पिसावरची माफी

हं, टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी. देवाचं गाऊन झालं, त्याला ऐकू गेलं, आता पाळी तुमची! आज एक प्रश्न घेऊन आलोय. सोपा आहे. इतका सोपा, की उत्तर सगळ्यांना येतं — आणि तसं वागत मात्र कोणीच नाही! सांगा बरं — आपल्या हातून चूक झाली. झाली ती झाली, माणूस आहे, चुकायचाच! पुढे ती चूक आपली आपल्याला कळली. मग ज्याचं मन दुखावलं, त्याच्या दारापर्यंत जायला माणसाला एवढा वेळ का लागतो? भांडायला निघालो तर पायात चप्पल नाही याचं भान नसतं. आणि माफी मागायला निघालो, की आधी चप्पल सापडत नाही, मग आभाळ भरून येतं, मग पंचांग बघावं लागतं! — हसता काय काका? मागे वळून बघा, काकू तुमच्याकडेच बघतायत!

ऐका तर. भंडारा-गोंदियाकडचा मुलूख. धानाची शेतं आणि गावागावाला तलाव. तिथल्या एका गावात यादोराव नावाचा रंगारी राहायचा. उमेदीत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, निवडणुकीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन उमेदवार रंगवले, आणि चहा दोघांकडचा प्याला! पण पुढे बायको गेली. पोरगा पुण्याला गेला, तिकडचाच झाला. शिडी चढवेना. घर खायला उठलं. तेव्हा यादोरावानं एक नवंच खूळ घेतलं — पाखरांच्या पिसांवर चित्रं काढायची!

हो, पिसावर! कागद नाही, कापड नाही, पीस! तलावाकाठी पडलेलं पीस आणायचं, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं. मग बोटांनी विंचरून विंचरून त्याचा सुटलेला एकेक धागा पुन्हा शेजारच्या धाग्याशी जुळवायचा. मग कुंचला. तोही कसा चालवायचा? पिसाचे धागे जिकडे जातात तिकडेच. उलटा हात गेला की पीस फाकलं, दिवसभराची मेहनत मातीत! त्या एवढ्याशा जागेत यादोराव नीलगाय काढायचा, चितळाचं पाडस काढायचा, पाण्याला तोंड लावलेला बिबट्या काढायचा. बघणाऱ्यानं वाकून बघावं, पण श्वास रोखून — नाहीतर बिबट्या उडून जायचा अंगणात!

आणि त्याचा एक नेम होता. कडक नेम! पीस घ्यायचं ते पाखरानं आपणहून टाकलेलं. उपटलेल्या पिसाला हात लावायचा नाही. ओळखायचं कसं? तर देठावरून. गळालेल्या पिसाचं देठ कोरडं, स्वच्छ. उपटलेल्याच्या देठाला रक्त लागलेलं असतं. यादोराव आधी देठ बघायचा, मग पीस. नेम चांगलाच होता हो. पण नेम पाळणाऱ्याला कधी कधी एक रोग जडतो. त्याला वाटायला लागतं, की आता आपल्याला देठावरून माणूसही ओळखता येतो!

या यादोरावाकडे रोज संध्याकाळी एकच माणूस यायचा. डोमा. तलावात मासे धरणारा डोमा. यायचा, ओलं जाळं यादोरावाच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचा, तलावाकाठी वेचून कमरेला खोचलेली पिसं काढून पुढ्यात ठेवायचा आणि ओट्यावर बसायचा. बोलणं काय? काही नाही! एखादं चित्र बघून म्हणायचा, "बेस झालं, भाऊ." संपलं बोलणं. दिवेलागणीला जाळं उचलून घरी. मंडळी, शेजारी नुसतं बसणारा माणूस मिळणं किती कठीण आहे, हे ज्याचं घर रिकामं झालंय त्याला विचारा. मला नका विचारू, मी तर जाईन तिथे बोलतच असतो!

एकदा बाजाराचा दिवस. यादोराव चहाच्या टपरीवर बसलेला, भोवती सगळं गाव. आणि डोमा आला धावत! धोतर भिजलेलं, हाताला ओरखडे, तोंडभर हसू. त्यानं यादोरावाच्या पुढ्यात पिसं ठेवली. लांबलचक, राखाडी — सारसाची! सारस म्हणजे माणसाएवढं पाखरू. जोडीनं राहतं, जोडीनं नाचतं. यादोरावानं पीस उचललं. सवयीनं देठ बघितलं. देठ लाल!

"डोमा! सारस मारलास तू?"

"भाऊ, आयकून तं घ्या—"

"काय ऐकू? रक्त ओलं आहे अजून! माझ्या चित्रांसाठी पाखरं माराले लागलास? मी तुले माणूस समजत होतो!"

अख्ख्या बाजारापुढे! डोमाच्या तोंडावरचं हसू कुठे ठेवावं तेच त्याला कळेना. त्यानं एकदा यादोरावाकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि पिसं तिथेच सोडून निघून गेला. एवढ्या वर्षांचे शेजारी, पण एक वाक्य पुरं करायला द्यायला नको होतं का हो? आपण देतो का? खरं सांगा!

त्या संध्याकाळी डोमा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तलावावरून घरी जायला तो लांबची वाट धरू लागला. खुंटीखाली भिंतीवर जाळ्याची ओल असायची कायम, तीही वाळली. यादोराव चित्र काढायचा, कुंचला खाली ठेवायचा आणि सवयीनं ओट्याकडे बघायचा. 'बेस झालं' म्हणायला कोणी नाही. मग तोच पुटपुटायचा, "बेस झालं." आपल्याच आवाजाला दचकायचा. फार वाईट दिवस होते ते.

धान कापणीला आलं. सारस बघायला म्हणून यादोराव एक दिवस तलावावर गेला. बांधापलीकडे सारसाची जोडी चरत होती. नरानं पंख पसरले — आणि यादोराव बघतच राहिला. डाव्या पंखात खिंडार! मोठी पिसं तेवढी नाहीत. पण पाखरू जिवंत! जोडीदारिणीभोवती नाचतंय!

काठावर एक म्हातारी जाळं धूत होती. ती म्हणाली, "तो नर पाहून रायले का, भाऊ? डोमाच्या जाळ्यात फसला होता. असा फडफडे, का आता मान मोडते का मग मोडते! पिसं उपटून निघाली त्याची. डोमानं आपलं नवं जाळं कापलं, तवा सुटला. चोचीनं हात फोडून काढला डोमाचा, अन् हा येडा हासून रायला! म्हणे, पिसं यादोभाऊले दाखवतो, पाखरू वाचलं म्हणून भाऊ खूश होईन."

मंडळी! डोमा आनंद वाटायला आला होता हो! आणि यादोरावानं त्याच्या तोंडावर फेकलं काय?

यादोराव तिथूनच डोमाच्या घराकडे निघाला. चांगला निघाला होता! पण वळणावर आला आणि पाय थबकले. मनानं विचारलं, 'काय बोलशील? बाजारात केलेला अपमान दोन शब्दांनी पुसतो काय? रिकाम्या हातानं जातोस?' झालं! मन असं गोड बोलायला लागलं ना मंडळी, की समजावं, आता हे आपल्याला मागे फिरवणार. यादोराव मागे फिरला. ठरवलं — बाजारातून उचलून आणलेल्या त्या सारसाच्या पिसावरच चित्र काढायचं. छातीभर पाण्यात डोमा, जाळ्यातून सारस सोडवतोय. ते चित्र भर बाजारात त्याच्या हातात द्यायचं आणि सगळ्यांदेखत पाय धरायचे. नेम मोडला तरी चालेल!

बसला. पाणी उतरलं, जाळं उतरलं, सारस तर असा उतरला की आत्ता ओरडेल! पण डोमाचं तोंड काही येईना. अहो, इतकी वर्षं जो माणूस शेजारी बसला, त्याच्याकडे यादोरावानं कधी नीट बघितलंच नव्हतं! त्यानं बघितलं ते त्यानं आणलेल्या पिसांकडे. काढायचा, पुसायचा. नाक जमलं तर हसू जमेना. 'आज नको, उद्या. चांगलं झाल्यावरच जाऊ.' हा 'उद्या' ओळखीचा आहे ना तुमच्या?

कोणी सांगितलं, डोमा खोकतोय, अंथरूण धरलंय. यादोरावाचं काळीज हललं. पण म्हणाला काय? "आता लवकर पुरं केलं पाहिजे!" मोहाची फुलं पडायला लागली, आणि एका सकाळी डोमाचं हसू पिसावर उमटलं. तेच, बाजारातलं. यादोराव रडला. पीस घेऊन तालुक्याला गेला, काच-चौकट करायला टाकली, काम होईपर्यंत तिथेच मुक्काम केला. चौकट छातीशी धरून मोटारीतून उतरला तो थेट डोमाच्या दारात.

अंगणात माणसं बसली होती. 

डोमाची बायको, भागरताबाई, उंबऱ्यात होती. म्हणाली, "या भाऊ. काल दुपारी गेले जी."

 यादोरावानं चौकट पुढे केली. भागरताबाईनं पदरानं डोळे पुसून बघितलं. "अगदी असेच हासत," ती म्हणाली. "भाऊ, रोज पायरीवर येऊन बसत. मी म्हणो, वारा लागते, आत चला. तं म्हणे, थांब, यादोभाऊ येईन. मी म्हणो, मग तुमीच जा ना! तं म्हणे, मी गेलो तं भाऊले वाटंन, सफाई द्याले आला. त्यायलेच येऊ दे. बोलाची काही गरज नाई, नुसतं बसू."

"वहिनी," यादोराव म्हणाला, "मले वाटलं, रिकाम्या हातानं कसं यावं..."

"रिकामाच हात पाहिजे होता जी. त्यायले उठवून बसवाले मी एकटीच होती."

मंडळी, ते चित्र यादोरावाच्या हातून उतरलेलं सगळ्यात सुंदर चित्र होतं. गावोगावचे लोक येऊन बघून गेले. ज्याच्यासाठी काढलं, त्यानंच तेवढं ते बघितलं नाही.

आता मला एक सांगा. तुम्ही काय रंगवत बसला आहात? कोणी म्हणतं, पोरीचं लग्न निघालं की पत्रिका घेऊन जाऊ, तेव्हाच बोलू. कोणी म्हणतं, दिवाळीला बघू. कोणी मनातल्या मनात वाक्यं जुळवतंय. आणि तो तिकडे पायरीवर बसलाय! अहो, वाक्य नकोय त्याला! शेजारी बसायला माणूस हवाय!

या गावात, या मंडपापासून हाकेच्या अंतरावर, तुमचं असं कोणी असेल तर आरतीला थांबू नका. देव रागावणार नाही, त्याची जबाबदारी माझी. आत्ता उठा. हात रिकामे असू द्या. मी डोळे मिटून घेतो, कोण उठलं ते मला बघायचं नाही. आणि मृदंगवाले बुवा, तुम्ही जरा मोठ्यानं वाजवा — जाणाऱ्याच्या पावलांचा आवाज कोणाला ऐकू यायला नको.